कार डिझाइनची शाळा : एका पॅटर्नमेकरचा अभिप्राय

मी तेहतीस वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये काढली. फाउंड्रीत धातू ओतायच्या आधी वाळूत जो ठसा उमटवायचा, त्याचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. बिडाचं ओतीव निवताना शेकडा एक आकसतं, अॅल्युमिनियम त्याहून जरा जास्त, पोलाद दोनाच्या आसपास. म्हणून आमच्या पट्ट्याच वेगळ्या, तेवढ्या आधीच वाढवून आखलेल्या. जन्मभर खोटी पट्टी वापरून खरं माप काढलं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे ज्या संस्थांबद्दल लिहिलंय त्या मी याच नजरेनं पाहिल्या. कलेतलं मला फार कळत नाही.

धाकटी पुण्यातच मेकॅनिकल इंजिनियर झाली. शेवटच्या वर्षाला असताना एका रात्री जेवताना म्हणाली, “पप्पा, मला गाडीचं पोट नको, अंग करायचंय.” तिची आई म्हणाली, “म्हणजे डेंटिंग-पेंटिंग?” हसलो आम्ही, पण प्रश्न बरोबर होता. आमच्या ओळखीत ‘कार डिझायनर’ असा माणूसच नव्हता. इंडिका १९९८ साली आली तेव्हा अख्खं भोसरी कामात बुडालं होतं आणि आम्हाला अभिमान की गाडी आपली. तिचं अंग मात्र इटलीतल्या तुरिनच्या ‘आयडिया’ नावाच्या संस्थेनं आखलेलं, हे मला कितीतरी वर्षांनी धाकटीनं सांगितलं. पोरीला शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, त्यामुळे हात आहे हे माहीत होतं. तो हात कुठे घडवायचा, एवढंच ठरायचं होतं. त्यात आमची दोन वर्षं गेली. बऱ्याच घरांत सध्या हाच घोळ चाललेला असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली बघितलेली संस्था खाजगी. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. धाकटीनं मोबाइलवर कुठलासा फॉर्म भरला आणि त्या दिवसापासून रोज दोन फोन. “सर, सीट्स भरत आल्यात.” गेलो. काचेची इमारत, दारात अर्धी कापलेली स्पोर्ट्‌स कार, आत एसी इतका की मी टोपी काढली नाही. समुपदेशक म्हणून एक बाई होत्या, वयानं धाकटीहून दोनच वर्षांनी मोठ्या असतील. “शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स,” त्या म्हणाल्या. असिस्टन्स हा शब्द नीट ऐका. नोकरी देऊ असं तो म्हणत नाही, शोधायला मदत करू म्हणतो. भिंतीवर चित्रं मात्र अशी की बघत राहावं. जमिनीला चिकटलेल्या गाड्या, बैलगाडीएवढी चाकं, आणि आत माणूस बसायला जागाच नाही.

मी म्हटलं, वर्कशॉप दाखवा.

किल्ली सापडायला वीस मिनिटं लागली. आत सगळं होतं, खोटं का बोलू. बँडसॉ, सँडर, क्ले तापवायची भट्टी. भट्टीच्या दारावरचं पारदर्शक प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. क्लेच्या खोक्यांवरची चिकटपट्टी शाबूत. मी वाकून बेंचखाली बघितलं, एक कपचा नाही. आमच्या दुकानात संध्याकाळी भुसा घोट्यापर्यंत असायचा आणि मुकादम त्यावरून दिवसभरात कोणी काय केलं ते सांगायचा. बाईंना विचारलं, मागच्या बॅचची बिघडलेली मॉडेलं कुठे ठेवता? त्या म्हणाल्या, “सर, आमच्याकडे बिघडत नाही, सगळं डिजिटल आहे.” परत येताना धाकटी गाडीत एक शब्द बोलली नाही. फी सांगितली तेव्हाच तिचा चेहरा उतरला होता, भट्टी बघून सुटका झाल्यासारखी वाटली असावी. त्या संस्थेला माझा एक तारा, आणि तोही भट्टीला. बिचारी नवीकोरी होती.

आता कोणी म्हणेल, आजकाल सगळं संगणकावर होतं, मातीत हात घालायची गरज काय. मीही विचारलं होतं. उत्तर मला एका कंपनीच्या स्टुडिओतून निवृत्त झालेल्या मॉडेलरनं दिलं, जुन्या ओळखीचा गृहस्थ. गाडीचा क्ले म्हणजे कुंभाराची माती नव्हे. त्यात पाणी नसतं. मेण, तेल आणि भुकटी. थंड असताना साबणाच्या वडीसारखा घट्ट, पंचावन्न-साठ अंशांवर तापवला की अंगठ्यानं दाबून लावता येतो. आत फोमचा सांगाडा, त्यावर क्लेचा थर, मग दातेरी पात्यानं खरवडायचं, नंतर सपाट पात्यानं. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये १९२७ साली हार्ले अर्ल यांच्याकडे डिझाइनचा विभाग आला आणि त्यांनी ही रीत रुजवली. शंभर वर्षं होत आली, तरी कंपन्या ती सोडायला तयार नाहीत. पडद्यावर गाडी बोटानं लहान-मोठी करता येते, म्हणून तिच्या आकारमानाचा अंदाज फसतो. क्लेचं मॉडेल डोळ्यासमोर उभं राहतं, त्याच्याभोवती फिरावं लागतं. त्यावर चकचकीत फिल्म ताणून बसवली की खिडकीचा उजेड पत्र्यावरून सरकावा तसा सरकतो. कुठे नखाएवढी लाट राहिली असेल तर उजेडाची रेघ तिथे थरथरते. संगणकावर ‘एलियास’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये झेब्र्यासारखे पट्टे पाडून हीच तपासणी करतात. आम्ही पॅटर्नवर तळहात फिरवून करायचो, डोळे मिटून. उघड्या डोळ्यांनी हात नीट ऐकत नाही.

तेव्हापासून माझं ठरलं : जिथे जाऊ तिथे आधी कचऱ्याचा डबा बघायचा. मग शिकवणाऱ्याला विचारायचं, तुमच्या हातून रस्त्यावर आलेली एखादी वस्तू आहे का. गाडीच पाहिजे असं नाही, दिवा चालेल, सीट चालेल. धाकटीला या चौकशीची लाज वाटायची. पण तिसऱ्या ठिकाणी तीच आधी विचारून मोकळी झाली.

मधे क्लासची एक भानगड झाली तीही सांगून टाकतो. प्रवेश परीक्षा आणि पोर्टफोलिओ दोन्ही करून देणारा क्लास, पुण्यातलाच, सव्वा लाख रुपये. पोर्टफोलिओ तयार झाला तेव्हा मी शेजारच्या मुलाचाही बघायला मागितला. दोघांत पहिलं पान तेच : नारिंगी रंगाची, पुढून खेकड्यासारखी दिसणारी कार, खाली ‘भविष्यातील शहरी वाहतूक’. सतरा मुलांच्या सतरा वह्यांत तोच खेकडा. मी धाकटीला एकच विचारलं, “हे एवढं मोठं चाक वळलं की जाणार कुठे?” तिनं बघितलं. चाक वळायला बाजूला जागा सोडलेली नव्हती, उसळी मारायला वरही नाही. मेकॅनिकलची मुलगी, सस्पेन्शन शिकलेली, तरी क्लासच्या सरांच्या भीतीनं तिनं ते तसंच काढलं होतं. त्या वर्षी सीईईडीचा, म्हणजे आयआयटीतल्या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, कटऑफ थोडक्यात हुकला. पैसे परत मिळाले नाहीत. मागायला गेलो तर चहा मिळाला.

लोणी काळभोरला एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आहे, २००६ पासूनची. मुळा-मुठेच्या काठी राजबाग, एकेकाळची राज कपूर यांची शेती. बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि त्यात ट्रान्सपोर्टेशन डिझाइन असा वेगळा विषय. पुण्याच्या मुलाला बारावी होताच यात उतरायचं असेल तर हे ठिकाण आधी बघून यावं. पिंपरी, चाकण, रांजणगाव हाताशी आहे, पुढे इंटर्नशिपला त्याचा उपयोग होतो. आमची इंजिनियर झालेली, तिला परत चार वर्षं नको होती. त्यामुळे आमचा प्रश्न दोन नावांवर आला, एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आणि मुंबई आयआयटीतलं आयडीसी.

एनआयडी म्हटलं की डोळ्यासमोर अहमदाबादचं पालडी येतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोनं १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर आपल्या तांब्याचं. कमरेवर बसतो, डोक्यावर राहतो, ओतताना धार नीट पडते. मला हे ऐकून बरं वाटलं. त्याच अहवालावरून १९६१ मध्ये संस्था सुरू झाली. तर आम्ही दुरांतोनं पहाटे अहमदाबादला उतरलो, रिक्षा केली, थेट पालडी. फाटकावर कळलं की ऑटोमोबाइल डिझाइन इथे नाहीच, ते गांधीनगरच्या आवारात. म्हणजे परत उलटं, पाऊण-एक तासाचा रस्ता. चूक पूर्णपणे आमची. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. तुम्ही वाचा.

गांधीनगरला जेवढं बघता आलं तेवढं बघितलं. एका मुलाशी बोलताना त्याच्या नखांकडे लक्ष गेलं, आत तपकिरी क्ले अडकलेला. अंगठ्याला पट्टी. मला त्याच्यापुढे माहितीपत्रक वाचायची गरज वाटली नाही. शिवाय त्यांची निवडीची रीत मला फार आवडली. आधी प्राथमिक लेखी परीक्षा, ती पार पडली की मुख्य फेरीत स्टुडिओ टेस्ट : समोर तार, कागद, क्ले असं काहीतरी ठेवतात आणि अमुक बनव म्हणतात. ठरलेल्या वेळात हातानं. सतरा वह्यांतला खेकडा इथे कामाला येत नाही. अभ्यासक्रम एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, अडीच वर्षांचा.

आयडीसी म्हणजे पवईच्या आयआयटीतलं डिझाइनचं घर. १९६९ सालचं. जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी ते उभं केलं. तिथे ‘मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन’ अशी दोन वर्षांची एम.डेस. आहे. त्यासाठी सीईईडी द्यावी लागते, जानेवारीत असते. भाग अ संगणकावर, भाग ब कागदावर चित्रं काढून. आधी अ मध्ये कटऑफ ओलांडला तरच ब तपासतात, आणि शेवटच्या गुणांत अला पाव आणि बला पाऊण वजन. धाकटी पहिल्या वर्षी अडकली ती अ मध्ये. क्लासनं वर्षभर चित्रं काढून घेतली आणि कोडी, घड्या घातलेले कागद, फिरवलेले ठोकळे शेवटच्या आठवड्यावर ढकलले. दुसऱ्या वर्षी ती क्लासला गेलीच नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसली आणि संध्याकाळी माझ्याबरोबर गॅलरीत लाकूड तासायची.

परदेशाचाही विचार झाला, पण तो बँकेत संपला. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाचं आर्ट सेंटर सगळ्यात नावाजलेलं; गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया तिथलेच. आठ सत्रं, आणि एकेका सत्राची फी वीस हजार डॉलरच्या वर. डेट्रॉइटला कॉलेज फॉर क्रिएटिव्ह स्टडीज, ज्याचा एक भाग जनरल मोटर्सच्या जुन्या इमारतीतच भरतो. लंडनच्या रॉयल कॉलेजात १९६७ पासून हा विषय आहे. तुरिनमध्ये आयईडी आणि आयएएडी या दोन डिझाइनच्या शाळा. त्यातल्या त्यात परवडणारं जर्मनीतलं फोर्टझ्हाइम, सरकारी विद्यापीठ : आपल्यासारख्या बाहेरच्यांना त्या राज्यात सत्राला १५०० युरो. फी ठीक, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे अकरा-बारा हजार युरो आधी खात्यात अडकवून ठेवायचे. बँकेचा साहेब म्हणाला, साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागेल. गावाकडची बावीस गुंठे आहेत, त्यावर भावाचंही नाव आहे. धाकटीनंच फाइल बंद केली. “आधी इथे शिकते, मग कंपनीच्या पैशानं जाईन,” म्हणाली. तशी उदाहरणं आहेतही. टाटाच्या डिझाइनचे प्रमुख असलेले आणि २०२१ पासून महिंद्रात गेलेले प्रताप बोस आधी एनआयडीत आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकलेत.

पोर्टफोलिओ तिनं नव्यानं केला, आणि माझ्या मते यातच सगळं आलं. आमचं गाव कराडकडे. तिथे अजून वडापच चालतं; जीप भरल्याशिवाय हलत नाही. तिची आजी गुडघ्यानं हैराण. पाठीमागून चढायचं म्हणजे एका हातानं कडी धरायची, दुसऱ्या हातानं निऱ्या सावरायच्या, आणि ड्रायव्हर म्हणतो, “आज्जे, चल लवकर.” धाकटीनं स्टँडजवळ उभं राहून अकरा जीपगाड्यांच्या पायऱ्या टेपनं मोजल्या. सगळ्यात खालची ४१ सेंटीमीटर निघाली. आपल्या घराच्या जिन्याची पायरी मोजून बघा, अठराच्या आत असेल. मग तिनं गाडीचं मागचं अंगच वेगळं आखलं : दार मागून काढून बाजूला, पायरी दोन टप्प्यांत, आणि धरायचा दांडा आजीच्या खांद्याच्या उंचीला. देवदाराच्या लाकडात पाचास एक प्रमाणात मॉडेल केलं. चाकं लहान, दिसायला अगदी साधं. दोनदा बिघडलं. पहिल्यांदा प्रमाण चुकलं, दुसऱ्यांदा मी घाईनं डिंक लावला.

त्या वर्षी दोन्हीकडून बोलावणं आलं. पवईला मुलाखतीत बाकीची पानं भराभर उलटली आणि वडापवर थांबले. एका सरांनी मॉडेल उचलून कोपऱ्याचा सांधा बघितला आणि विचारलं, हा कोणी केला? ती म्हणाली, “शिकवला वडिलांनी, केला मी. आधीचे दोन फुकट गेले.” फुकट गेलेले बरोबर आणलेत का, त्यांनी विचारलं. एक होता पिशवीत. तोही बघितला.

दोन्हीकडे नाव लागलं आणि घरात वाद सुरू झाला. माझं मत गांधीनगर. त्या स्टुडिओ टेस्टमुळे, आणि त्या पोराच्या नखांमुळे. धाकटीचं पवई. तिची कारणं मला तोंडपाठ आहेत : अर्धं वर्ष कमी, मुंबई जवळ, आयआयटीत बाजूलाच मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाले, बॅटरीचं काही अडलं तर जिना उतरून विचारता येतं. आणि मुख्य कारण रामकृपा अनंतन. त्याही आधी मेकॅनिकल इंजिनियर, बिट्‌स पिलानीच्या, मग आयडीसी, मग महिंद्रात एक्सयूव्ही ५००, २०२० ची थार, एक्सयूव्ही ७०० यांच्या डिझाइनमागे. “पप्पा, थार कुणाला आवडते सोसायटीत?” मला आवडते. एवढ्यावर मी हरलो. फीचं म्हणाल, तर पहिल्या त्या काचेच्या संस्थेच्या साधारण एका वर्षाच्या पैशांत पवईची दोन्ही वर्षं निघतात.

कुठलंही आवार बघायला जाताना आधी लिहून वेळ घ्या. फाटकावर हुज्जत घालून कोणी आत सोडत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या कामाचं प्रदर्शन भरतं, त्या दिवसांत जमलं तर उत्तम, कारण तेव्हा मास्तर कमी आणि मुलं जास्त बोलतात. मुलांना विचारा, रात्री वर्कशॉप किती वाजता बंद होतं. याचं उत्तर ज्यांना पटकन देता येतं ती मुलं तिथे जाणारी असतात. आणि पोरानं काढलेल्या गाडीत तुम्ही स्वतः बसाल का, एवढं बघा. आईबापाला डिझाइन कळत नसलं तरी गुडघा कुठे आपटेल ते कळतं.

सध्या ती दुसऱ्या सत्रात आहे. महिन्यापूर्वी रात्री अकराला फोन आला. छपराची लांब रेघ क्लेवर सलग येत नाहीये, पातं मधेच खोल जातं. मी म्हटलं, पातं फार ताठ आहे. हॅकसॉचं जुनं ब्लेड घे, दाते घासून काढ, कडा तेलदगडावर मार, दोन्ही टोकांना धरून जरा वाकव आणि एका श्वासात ओढ. तिच्याकडे तेलदगड कुठला. मीच तीन ब्लेडं घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पवईला जाणाऱ्या शेजाऱ्याकडे दिली. आता तिच्या वर्गातून अकरा ब्लेडांची मागणी आली आहे. पैशांचं अजून कोणी बोललेलं नाही.